यंत्राची बोली बदलते तेव्हा



वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभा राहणारा मनुष्य पदवीधर असावा, निदान त्याने एखादे पुस्तक तरी लिहिलेले असावे, अशी माझी आजवरची समजूत होती. मी नववीत शाळा सोडली. पुढे जे काही शिकलो ते छापखान्यात, वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या बैठकींत. तेव्हा बोलताना माझे कोठे चुकले, तर समोर बसलेल्या इंजिनियर मुलांनी शंकासमाधानाच्या वेळी खुशाल माझा कान धरावा. मला त्याचा राग येणार नाही.

चालकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, टेबलावरच्या संगणकात एका जातीचा प्रोसेसर जाऊन दुसऱ्या जातीचा येतो, तेव्हा काय होते त्यावर बोलेन. त्यांचा चेहरा जरा उतरला. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, प्रोसेसरशी त्याचा काय संबंध? मी त्यांना एवढेच सांगितले, की वसईच्या एका गाळ्यात या प्रोसेसरापायी माझ्या एका सोबत्याची बावीस वर्षांची नोकरी गेली, आणि ती जाण्यात थोडा दोष माझाही होता. ती हकीगत मी शेवटी सांगणार आहे. परंतु ती कळायची तर आधी यंत्र समजून घेतले पाहिजे; आणि आमच्या चळवळीतली माणसे नेमका हाच भाग वगळतात.

माझे वडील परळच्या एका गिरणीत विणकर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, आणि आमच्या घरापुरता तो कधी संपलाच नाही. खोली विकून आम्ही नालासोपाऱ्याला आलो. १९८६ साली मी गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. मराठीच्या केसमध्ये शेकडो खण; काने, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे. कोणत्या खणात कोणता खिळा आहे हे न पाहता हाताला कळावे लागे. ते कळायला मला दोन वर्षे लागली. १९९१ साली मालकांनी एक संगणक आणला आणि सहा महिन्यांच्या आत खिळ्यांचे शिसे वजनावर विकून टाकले. आम्ही सात जुळारी होतो. त्यांतले दोघे संगणकावर बसलो, कारण आम्ही तरुण होतो. बाकीचे पाच कुठे गेले हे मी पुष्कळ दिवस कोणाला विचारले नाही.

त्यानंतर मला वाटत होते, की बदल झाला तो एकदाच. आता संगणक आला, आणि संगणक म्हणजे संगणक. ही माझी समजूत किती भोळी होती ते पुढे कळले.

संगणकाच्या पोटातल्या चिपला मराठी येत नाही, इंग्रजीही येत नाही. तिला काही ठरावीक आज्ञाच कळतात. हा आकडा उचल. त्यात तो मिळव. बेरीज तिकडे ठेव. उत्तर शून्य आले तर अमक्या जागी जा. अशा आज्ञांची एक यादी असते आणि ती चिप घडवतानाच तिच्या अंगी उतरलेली असते. तिला आज्ञासंच म्हणतात. इंजिनियर मंडळी 'आर्किटेक्चर' म्हणतात ते मुख्यत्वे हेच. घराच्या बांधणीशी त्याचा संबंध नाही. मी आपला त्याला चिपची बोली म्हणतो. इंटेल कंपनीने १९७८ साली ८०८६ नावाची चिप काढली, तिची एक बोली होती. कचेऱ्यांतले आणि दुकानांतले बहुतेक संगणक आजही तिच्याच वंशातली बोली बोलतात. इंग्लंडात केंब्रिज येथील एकॉर्न नावाच्या कंपनीत १९८५ साली दुसरी एक चिप तयार झाली, आर्म. या सभागृहात आपल्या खिशांत जे मोबाइल आहेत, त्यांतला जवळजवळ प्रत्येक या दुसऱ्या बोलीत चालतो. एकीची आज्ञा दुसरीला दिली तर ती चुकीचे उत्तर देणार नाही. तिला काही कळणारच नाही, किंवा भलतेच कळेल.

दोन बोलींत फरक कसला? छापखान्यातले उदाहरण घेतो. एक फोरमन जुळाऱ्याला म्हणतो, "पान बांधून दे." हुकूम एकच, पण त्यात वीस कामे दडलेली. दुसरा फोरमन म्हणतो, "पट्टी ठेव. दोरी घे. एक वेढा दे. दुसरा दे. टोक आत खोच." हा दुसरा माणूस किरकिरा वाटतो. परंतु त्याची प्रत्येक आज्ञा लहान आणि जवळजवळ सारख्याच वेळाची असल्यामुळे एक पुरी होण्याच्या आत पुढची सुरू करता येते, काम खोळंबत नाही, आणि आतली रचना सोपी राहते. इंटेलची रीत पहिल्या फोरमनची, आर्मची दुसऱ्याची. आज हा भेद पूर्वीइतका काटेकोर राहिलेला नाही. इंटेलची चिपही मोठी आज्ञा आतल्या आत लहान तुकड्यांत तोडूनच पाळते. पण बाहेरून तिला हुकूम द्यायचा तो तिच्याच बोलीत द्यावा लागतो.

आता यातली खरी मेख पाहा. आज्ञावली लिहिणारा माणूस चिपच्या बोलीत लिहीत नाही. तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत मूळ मसुदा लिहितो आणि एक यंत्र-भाषांतरकार त्याचे चिपच्या बोलीत रूपांतर करतो. आपण पैसे देऊन जे विकत घेतो ते हे रूपांतर. मसुदा कंपनीच्या तिजोरीत राहतो. चिप बदलली की मसुद्यावरून नवे रूपांतर करावे लागते, आणि ते तिजोरीवाल्यालाच करता येते. त्याला परवडले नाही, किंवा त्याची कंपनीच बुडाली, तर आपल्या हातातली आज्ञावली जुन्या यंत्राबरोबर निजधामाला जाते.

हे नीट समजायचे असेल तर लांब जायला नको. रेल्वे ओलांडून पश्चिमेला सोपाऱ्यात चला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटातला स्तूप उकरला. त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ साली जवळच भुईगावला नवव्याचा. अक्षर ब्राह्मी, भाषा प्राकृत. याच शिलालेखमालेतली आज्ञापत्रे आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला खरोष्ठी लिपीत कोरलेली आहेत, आणि त्यांतल्या काहींचे शब्द कंदाहारला चक्क ग्रीक भाषेत मिळाले. मसुदा पाटलीपुत्राचा, रूपांतर ज्या त्या प्रांताचे. सम्राटाने सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याला ग्रीक शिकायला लावले नाही. मात्र पुढे ब्राह्मी वाचणारेच उरले नाहीत. दगड शाबूत, अक्षर शाबूत, आणि वाचणारा कोणी नाही, अशी शतकामागून शतके गेली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली तेव्हा कुठे दगड बोलू लागला. आमच्या फाइलींचे तेच होते, फक्त त्यांना इतकी शतके लागत नाहीत. पाच-सहा वर्षे पुरतात.

टेबलावरच्या संगणकाच्या इतिहासात हे बोली बदलण्याचे काम एकाच कंपनीने तीनदा उघडपणे केले आहे, आणि ती कंपनी आमच्या धंद्यातली म्हणून मला तिची माहिती. ॲपलचा मॅकिंटॉश १९८४ साली आला तो मोटोरोलाच्या ६८००० चिपवर. १९९४ साली पॉवरपीसी नावाची नवी जात आली. २००५ च्या जून महिन्यात स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर केले, की आता इंटेल. पॉवरपीसीची शेवटची जी-५ चिप इतकी तापायची, की ती मांडीवरच्या संगणकात बसवणे कंपनीला जमले नाही. जानेवारी २००६ पासून इंटेलची यंत्रे विकली जाऊ लागली. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये इंटेललाही रजा देऊन कंपनीने आर्म बोलीची, स्वतः आखलेली एम-१ चिप आणली. ती तैवानात तयार होते, तिच्यात १,६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. १९७८ च्या ८०८६ मध्ये सुमारे २९,००० होते.

आता हे ध्यानात घ्या, की तिन्ही वेळी कंपनीने गिऱ्हाइकांना सांगितले नाही, की तुमचे जुने सामान फेकून द्या. तिने यंत्रात एक दुभाष्या बसवला. जुन्या बोलीतली आज्ञावली आली की तो ती चालता चालता नव्या बोलीत समजावून सांगतो. २००६ साली या दुभाष्याचे नाव 'रोझेटा' ठेवले. ज्या रोझेटाच्या दगडावर एकच मजकूर तीन लेखनांत कोरलेला होता आणि ज्याच्या आधारे शांपोलियॉनने १८२२ साली इजिप्तची चित्रलिपी सोडवली, त्याचे हे नाव. शिवाय दोन्ही बोलींतली रूपांतरे एकाच पुडक्यात घालून देण्याची सोय केली, म्हणजे जुन्या यंत्राने आपले उचलावे, नव्याने आपले. कंपनीने हे धर्मादाय म्हणून केलेले नाही. पूल नसता तर गिऱ्हाईक अलीकडेच उभे राहिले असते.

पण पुलाला मुदत असते. २००६ चा दुभाष्या २०११ साली कंपनीने काढून घेतला. १९९० च्या दशकातल्या जुन्या प्रणालीवरच्या आज्ञावलींना तर इंटेल यंत्रांवर पूल मिळालाच नव्हता. २०२० च्या दुभाष्याचीही मुदत ठरली आहे, आणि जून २०२५ मध्ये कंपनीने सांगून टाकले, की त्या वर्षीची कार्यप्रणाली ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची. विंडोजच्या जगातही जून २०२४ पासून आर्म बोलीचे नवे संगणक दुकानांत जोरात येऊ लागले. त्यांतही दुभाष्या आहे. स्वस्त वीज, कमी ताप, दिवसभर पुरणारी बॅटरी, हे त्यांचे गुण खरे आहेत, मी ते नाकारत नाही. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या गाळ्यात पंखा घरघरत असलेल्या संगणकाशेजारी ज्याने काम केले आहे, त्याला कमी तापणाऱ्या चिपचे मोल सांगावे लागत नाही.

कोणी म्हणेल, ही परदेशातल्या श्रीमंत कंपन्यांची चैन. तसे नाही. मुंबईतच पाहा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी 'टिफ्रॅक' हा संगणक घडवला. १९६० साली तो कामाला लागला. १९६४ साली तिथे अमेरिकेचा सीडीसी ३६०० आला, आणि एकावरचे काम दुसऱ्यावर जसेच्या तसे चालणे शक्य नव्हते. पुण्याची गोष्ट याहून बोलकी. १९८८ साली तिथे सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाच्या ब्रिटिश चिप होत्या. त्यांची ऑकॅम नावाची स्वतंत्र भाषासुद्धा होती. चिप काढणारी कंपनी तोवर दुसऱ्याच्या हाती गेली होती, तिची पुढची चिप लांबत लांबत बारगळली. आमच्या लोकांचा दोष काहीच नव्हता. पण १९९४ च्या 'परम ९०००' साठी त्यांना स्पार्क या दुसऱ्या बोलीकडे वळावे लागले, मग 'परम पद्म'मध्ये आयबीएमच्या पॉवर-४ कडे, आणि २००८ च्या 'परम युवा'मध्ये इंटेलकडे. सतरा वर्षांत एवढी स्थलांतरे! ती पार पडली, कारण मसुदे त्यांच्याकडे होते आणि मसुदे लिहिणारी माणसेही पगारावर होती. माझ्या मते या दोन गोष्टींत दुसरी अधिक महत्त्वाची.

आता एका लहानशा वस्तूबद्दल बोलतो. जी माहिती विक्रेता सांगत नाही, ती ही. संगणकाला जोडलेल्या प्रत्येक यंत्रासाठी एक छोटी आज्ञावली लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. एसटीचा नव्हे, परंतु काम तेच, गाडी पुढे नेण्याचे. दुभाष्या मोठमोठ्या आज्ञावलींचे भाषांतर करतो, पण या ड्रायव्हरांचे करत नाही, कारण ते कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्यात बसलेले असतात. ड्रायव्हर नव्या बोलीतलाच लागतो. म्हणून होते असे, की पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे हे नव्या संगणकावर पहिल्याच दिवशी सुरळीत चालते, मालक खूष होतो, आणि तिसऱ्या दिवशी कळते की भरतकामाचे यंत्र, बिल छापणारा जुना प्रिंटर, ठसा घेणारी पेटी, डिजिटल सहीची कांडी यांपैकी कोणीतरी गप्प बसले आहे. आपल्या तुळिंज रस्त्यावर झेरॉक्सची आणि अर्ज भरून देण्याची जी दुकाने आहेत, त्यांच्या मालकांनी एवढे तरी लिहून न्यावे: नवा संगणक घेण्याआधी, आपल्याकडच्या प्रत्येक जोडयंत्राचा ड्रायव्हर या बोलीत आहे का, हे नाव घेऊन विचारा, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. त्या काळी मराठी अक्षरांचे फाँट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी निराळी. एकीच्या फाइलीतला 'क' दुसरीत उघडला की भलतेच अक्षर. युनिकोड १९९१ साली जन्मले खरे, पण पाने लावण्याच्या आज्ञावलींना युनिकोडमधली मराठी जोडाक्षरे नीट जुळवता यायला फार वर्षे लागली. तोवर आम्ही जुन्या फाँटांवरच काम केले. त्यांच्यासोबत एक कुलूप येई, बोटाएवढे. ते संगणकामागे खोचल्याशिवाय फाँट चालत नसत. त्या कुलपालाही ड्रायव्हर लागतो, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

यंत्राविरुद्ध कामगारांनी काय केले, हा प्रश्न आता येतो. आयुर्विमा महामंडळाने १९६० च्या दशकात संगणक आणायचे ठरवले, तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी निकराचा विरोध केला. कलकत्त्याला इलाको हाउससमोर त्यांनी रात्रंदिवस पहारा दिला. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने स्वयंचलनाविषयी समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांत १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात संगणकाविषयी लेखी करार झाला, १९९३ साली आणखी एक. त्या लोकांना प्रगतीचे शत्रू म्हणण्याची आज रीत पडली आहे. मला ते मान्य नाही. काम कोणाचे जाणार आणि त्याला काय मिळणार, हे आधी विचारणे हा गुन्हा नव्हे. आमची चूक निराळीच होती. आम्ही दाराशी लढलो. यंत्र आत आल्यावर ते दर दहा-पंधरा वर्षांनी पोटातून बदलेल, बाहेरून तेच दिसेल आणि तरीही दर वेळी कोणाचे तरी कौशल्य बाद होईल, हा विचार आम्ही केला नाही. निदान मी केला नाही.

२००८ साली मुंबईत मी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे इंटेलचे मॅक आले. तोवर मी युनियनचा चिटणीस झालो होतो. तिथे आम्ही बरा करार केला: नवे यंत्र आणल्यास कामगाराला कामाच्या वेळात तीन महिने प्रशिक्षण, पगारात कपात नाही, कोणालाही कमी करायचे नाही. दोन जुनी यंत्रे कोपऱ्यात चालू ठेवली. सगळे पार पडले. मला त्या कलमाचा इतका अभिमान वाटला, की पुढे पूर्णवेळ संघटनेचे काम करू लागल्यावर जिथे जिथे करार केला तिथे तेच कलम शब्दशः उतरवले. 'नवे यंत्र आणल्यास.'

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात औषधांची खोकी छापतात. तिथे सात माणसे संगणकावर खोक्यांची आखणी करत. त्यांतल्या सर्वांत वडील माणसाला आम्ही मास्तर म्हणत असू. १९९९ पासून तिथे होते. कोणत्या गिऱ्हाइकाच्या खोक्यावर कोणता टाइप, कोणत्या साली कोणता मराठी फाँट वापरला, तो उघडला नाही तर जवळचा कोणता चालेल, हे सगळे त्यांच्या डोक्यात. कागदावर कुठेच नाही. २०२१ साली मालकांनी जुने संगणक काढून नव्या चिपचे आणले. दिसायला तसेच, पडदा तोच, कळपाट तोच. दहा दिवस सवयीला दिले आणि अकराव्या दिवसापासून कोण किती कामे उरकतो याची नोंद सुरू केली.

जुन्या फाइली उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. अशी अवघड कामे साहजिकच मास्तरांकडे यायची, कारण ती दुसऱ्या कोणाला सुटत नसत. त्यामुळे नोंदवहीत मास्तर सर्वांत खाली. त्यांना बोलावून सांगण्यात आले, की तुमचा हात मंदावला. ते माझ्याकडे आले. मी त्यांना म्हणालो, "मास्तर, काळजी करू नका, करारात कलम आहे." मी ते कलम त्या रात्री पुन्हा वाचलेसुद्धा नाही.

मालकांच्या वकिलांनी ते वाचले होते. ते म्हणाले, नवे यंत्र कुठे आहे? संगणकाच्या जागी संगणक आला. आतली चिप बदलणे म्हणजे सायकलची ट्यूब बदलणे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. यंत्रसामग्री वा कार्यपद्धती अशी सुधारायची असेल की जिच्यामुळे कामगार कमी होण्याचा संभव आहे, तर एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागे. आम्ही ते दाखवले. त्यावर उत्तर आले, की कपात झालेलीच नाही; एका गृहस्थांनी स्वखुशीने राजीनामा दिला आहे. मास्तरांनी खरेच सही केली होती. रोज सकाळी वहीतला आपला आकडा सगळ्यांसमोर वाचून दाखवलेला त्यांना सोसवेना. मला न विचारता त्यांनी कागद देऊन टाकला. त्या सहीनंतर आमचे सगळे मुद्दे लुळे पडले.

आता गंमत ऐका, म्हणजे गंमत म्हणवत नाही, पण ऐका. खोक्याचा नमुना कापून दाखवणारा एक कटिंग प्लॉटर त्या गाळ्यात होता. त्याचा ड्रायव्हर नव्या चिपच्या बोलीत नव्हता. गिऱ्हाइकांना नमुने जाईनात. जुने संगणक भंगारात दिलेले. मालकांनी माणूस पाठवून त्यांतला एक भंगारवाल्याकडून तिप्पट भावाने परत आणवला. तो आला, पण त्यावरच्या फाइलींचा आणि फाँटांचा गुंता कोणाला उकलेना. शेवटी मास्तरांना रोजावर बोलावले. मी म्हणालो, जाऊ नका. आता अडले आहेत तर कायम नोकरीचे पत्र आधी मागा. मास्तर म्हणाले, "अहो, काम अडलेय." आणि गेले. पंधरा दिवसांत सगळे मार्गी लावले, पंधरा दिवसांचा रोज घेतला आणि घरी आले. नोकरी काही परत मिळाली नाही.

यंत्र बनवणारी कंपनी जुन्या आज्ञावलीसाठी पाच वर्षे तरी दुभाष्या ठेवते. गाळ्यातल्या माणसाला दहा दिवस मिळाले. या दोन आकड्यांवर मी पुष्कळ रात्री विचार केला आणि मग कलम पुन्हा लिहिले. ते आता असे आहे: "संगणक, त्यातील प्रोसेसर, कार्यप्रणाली किंवा आज्ञावलीची आवृत्ती यांपैकी काहीही बदलल्यामुळे जुन्या फाइली, जोडयंत्रे अथवा कामाची रीत बाधित होत असेल, तर तो यंत्रबदल समजावा. यंत्रबदलानंतर सहा महिने वैयक्तिक कामाची नोंद कोणाविरुद्ध वापरू नये. एक जुने यंत्र सर्व फाँटांसह एक वर्ष चालू ठेवावे." यातले शेवटचे वाक्य मास्तरांनी सुचवले. दोन गाळ्यांत यावर सही झाली आहे. तिसऱ्या ठिकाणी मालक म्हणतात, प्रोसेसर हा शब्द काढा. तो मी काढणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आहे. एकवीस दिवसांच्या नोटिशीची तरतूद तीतही आहे, आणि कलम नीट लिहिलेले असेल तर ती कामाला येईल असा माझा अंदाज आहे. वकील मित्रांनी माझे चुकत असल्यास सांगावे.

तरुण मुलांना एक गोष्ट सांगायची राहिली. रिस्क-फाइव्ह नावाची एक बोली २०१० साली अमेरिकेत बर्कले विद्यापीठात निघाली. ती कोणाच्या मालकीची नाही. कोणीही त्या बोलीची चिप घडवावी. मद्रासच्या आय.आय.टी.ची 'शक्ती' आणि सी-डॅकची 'वेगा' या तिच्याच चिप. पवईच्या आय.आय.टी.त 'अजित' नावाचा प्रोसेसर २०१९ साली पुढे आला, तो मात्र स्पार्क बोलीतला. तुमच्या टेबलावरच्या संगणकाची जागा घेण्याइतक्या या चिप आज मोठ्या नाहीत. परंतु पुढेमागे तुमच्यापैकी कोणी असल्या कामात असेल, तर ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या यादीत जुन्या प्लॉटरचे नाव घालायला विसरू नका.

आणि एक निवेदन, चालकांच्या परवानगीने. भंगारातून परत आलेला तो संगणक पुढल्या वर्षी मालकांना पुन्हा नकोसा झाला, तेव्हा आम्ही तो वर्गणी काढून विकत घेतला. तुळिंजला आमच्या युनियनच्या खोलीत तो आहे, चालू आहे, कुलूपही त्याच्या पाठीला आहे. आपल्यापैकी कोणाकडे जुन्या फाइली असतील, मंडळाची स्मरणिका, घराण्याची वंशावळ, वडिलांच्या कविता, आणि त्या आता उघडत नसतील, तर रविवारी घेऊन या. मास्तर दहा ते एक तिथे बसतात. जुन्या फाइली उघडून त्यांतला मजकूर ते युनिकोडात आणून देतात. जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात, तेवढे आपण शेजारी बसून करावे. पैसे घेत नाहीत, चहा घेतात. वीज गेली तर मात्र थांबावे लागेल, इन्व्हर्टर आमच्याकडे नाही.